अर्धं तिकीट

नाक्यावरच्या खिडकीतल्या मुलीनं
बाबांचं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं.
यू शुइ-थू. पासष्टच्या वर, म्हणजे अर्धं तिकीट.
बाबा खिडकीशी वाकले,
"पूर्वी इथं यायचे मला पैसे मिळायचे."
तिला कळलं नाही.
मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

वेइ-च्येला वळणं मोजायचा नाद.
त्रेचाळिसाव्या वळणावर आकडा आणि नाश्ता
दोन्ही निसटले.
मी गाडी कडेला घेतली, वहिनी टिश्यू शोधत राहिली,
तेवढ्यात बाबा कठड्याशी जाऊन
धुक्यात बोट रोवून कुणाला तरी सांगत होते,
"इथून तार जायची, पलीकडच्या सोंडेपर्यंत.
तारेला ओंडका.
ओंडक्याखाली काहीच नाही."
तिथं आताही काहीच नव्हतं.
भाताच्या पेजेसारखं पांढरं,
ढवळलं तरी तळ न लागणारं.

वर पोचलो तर विश्रांतीला आलेल्यांची ही गर्दी.
रेनकोटातली कुत्री,
तैपेईहून आलेल्या, एकसारख्या टोप्यांतल्या बायका,
चहात उकडलेली अंडी,
आणि लाकडी पायऱ्या, इतक्या
की त्यांचा आकडा पाटीवर अभिमानानं लिहिलेला.
बाबा जुनी खानावळ शोधत होते.
खानावळीच्या जागी स्वच्छतागृह.
"पूर्वीपेक्षा वास बरा आहे," म्हणाले,
आणि आत जाऊन आले.

मग बुंधे लागले.
बुंधे म्हणजे, कसं सांगू,
आमच्या यिलानच्या घरातलं जेवणाचं गोल टेबल
खुर्च्यांसकट एकावर मावेल.
शेवाळात रुओ-हानची बोटं दोन पेरं आत गेली.
"आ-कोंग, तुम्ही किती झाडं तोडलीत?"
भावानं तिला डोळ्यांनी दटावलं.
बाबांना राग आला नाही.
"झाडं कुणी मोजत नसे, पोरी. घनमीटर मोजायचे.
आणि संध्याकाळी उतरताना माणसं.
एकदा एक कमी भरला."
पुढं काही नाही.
छत्रीवर थेंब.
मला हे आजवर ठाऊक नव्हतं.
चौपन्न वर्षांची झाले मी.

एका बुंध्याच्या पोटातून कोवळं झाड वर आलेलं,
कोवळं म्हणजे भावाच्या दुप्पट उंच.
बाबांनी सालीला नख लावलं, हुंगलं.
"लाल सायप्रस. सरळ वाढतंय.
अजून चारशे वर्षं थांबा, मग बघू."
दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो,
माल पुढच्या आठवड्यात येईल, तसं.

दुकानात सायप्रसचंच तेल,
करंगळीएवढी बाटली, सहाशे डॉलर.
विकणाऱ्या पोरानं माझ्या मनगटावर थेंब लावला.
बाबांनी माझा हात धरून नाकाशी नेला.
याआधी कधी धरला होता,
मी खूप मागे जाऊन पाहिलं.
"तुझी आई शर्ट दोन-दोनदा धुवायची.
जायचा नाही.
भातालासुद्धा यायचा."
घेऊ का बाटली, मी विचारलं.
"वेडी आहेस. याचे पैसे कोण देतं?"

उतरताना गरम झऱ्याच्या कुंडात
टोपलीतून अंडी सोडली.
आठ मिनिटं की बारा,
यावरून भाऊ नि बाबा भांडले,
भांडता भांडता पंधरा झाली.
बलक दगड.
सगळ्यांनी मुकाट्यानं मीठ लावून खाल्ला.

गाडीत फोटो पाहिले. सगळे धुक्यानं खाल्लेले.
एकात छत्री, वहिनीचा कोपर, अर्धे बाबा.
"तिकीटच अर्धं होतं," वेइ-च्ये म्हणाला,
आणि बाबा इतके हसले
की ठसका लागला,
मला परत गाडी थांबवावी लागली.

रात्री सिंकमध्ये सगळ्यांची ताटं.
मनगट हुंगलं. गंधक. अंडी.
खाली कुठंतरी, अगदी खाली,
असेल किंवा नसेल.
ओट्याखालून रबरी हातमोजे काढले,
कोपरापर्यंत चढवले,
मग नळ सोडला.